इंजिन ऑइल पितंय, पण रिंगाच गेल्यात कशावरून?

टर्बो गाडी आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन साध्या हॅचबॅकमध्येही मिळतं. इंदुरात अशा गाड्यांची ताकद रीमॅप करून वाढवून देणारे, मोठा टर्बो बसवून देणारेही आता सहज सापडतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या वर्ष-दोन वर्षांत सेकंडहँड बाजारात येतात. नवा मालक हजारेक किलोमीटर गाडी चालवतो, डिपस्टिक काढून बघतो, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. जमिनीवर थेंब नाही, मागे मात्र निळसर धूर. मेकॅनिक चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडतो, वाफ बघतो आणि निकाल देतो: “भिया, रिंगें गईं. इंजन बंधवाना पड़ेगा.”

रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या, आणि इंजिन बांधणं म्हणजे ते खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणं. हा निकाल कधी कधी बरोबरही असतो. पण तो काहीही न मोजता दिला जातो, हे मला मनापासून खटकतं. इंजिन बांधून घेतलं, मोठी रक्कम गेली आणि महिन्याभरात धूर परत आला, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. ऑइल कमी झालेलं डोळ्यांना दिसतं, त्याला ढकलणारी हवा दिसत नाही. टर्बो इंजिनाची ताकद वाढवल्यावर सुरू होणारी ऑइलची तक्रार ही बहुतेक वेळा आधी हवेची तक्रार असते. म्हणून इंजिनाच्या पोटात हवा येते कुठून, जाते कुठून आणि अडते कुठे, हे आधी बघायला हवं. इंजिन खोलणं त्यानंतर.

टर्बो नेमकं काय करतो

इंधन जळायला हवा लागते. साधं इंजिन बाहेरची हवा स्वतःच ओढून घेतं. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एका पंख्याला फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. बाहेरच्या हवेपेक्षा जो जादा दाब असा तयार होतो त्याला बूस्ट म्हणतात.

हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पेट्रोल इंजिनात त्याच्या एका टोकाला नऊशे अंश सेल्सियसच्याही वर तापलेला धूर असतो. बॉल बेअरिंगचे टर्बो सोडले तर दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे ऑइल इंजिनाच्या पंपाकडून दाबाने येतं. परत जाताना मात्र त्याला कुठलाच पंप नसतो. आपल्याच वजनाने, एका नळीतून, ते खाली ऑइल चेंबरमध्ये पडतं. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून बूस्ट आणि इंधन वाढवणं. ‘स्टेज १’, ‘स्टेज २’ ही ट्यूनिंगच्या धंद्यात रूढ झालेली नावं आहेत, त्यांना कुठलंही अधिकृत प्रमाण नाही. त्यामुळे ‘स्टेज २ केलेली गाडी’ एवढ्यावरून गाडीत नेमकं काय बदललंय ते कळत नाही. विकत घेताना बूस्ट किती बार आहे आणि कुठले सुटे भाग बदललेत, हे विचारा.

ऑइलला कोण अडवतं

ऑइल सगळीकडे पोचलं पाहिजे, पण सिलिंडरच्या जळणाऱ्या भागात शिरता कामा नये. त्यासाठी चार ठिकाणी पहारा असतो.

पहिला पहारा पिस्टनच्या रिंगांचा. वरच्या दोन रिंगा मुख्यतः वायूचा दाब रोखतात. तिसरी ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडते आणि आपल्या खाचेतल्या भोकांमधून पिस्टनच्या आत सोडते. ही भोकं कार्बनने बुजली तर रिंग शाबूत असूनही ऑइल वर जातं. दुसरा पहारा वॉल्व्हच्या दांड्यांवर बसणाऱ्या रबरी सीलचा. तिसरा टर्बोच्या दांड्यावरच्या सीलचा. ही सील रबराची नसतात. बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि त्या एकट्या ऑइल थोपवू शकत नाहीत. दोन्ही पंख्यांकडचा दाब मधल्या बेअरिंगच्या भागापेक्षा जास्त असेल तरच ऑइल आत राहतं. म्हणून ‘टर्बोचं सील फाटलं’ हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, दाब कुठे उलटला?

चौथा पहारा पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेचा. मेकॅनिक त्याला नुसतं ब्रीदर म्हणतात. सगळ्यांत दुर्लक्षित तोच, आणि मॉडिफाय केलेल्या गाडीत सगळ्यांत आधी हरतोही तोच.

इंजिनाच्या पोटात हवा येते कुठून

रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी शंभर टक्के बंद नसतात. प्रत्येक स्फोटाच्या वेळी थोडा वायू रिंगांच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, जातो. गॅरेजच्या भाषेत हे बॅक कॉम्प्रेशन. ते नव्या इंजिनातही असतं. बूस्ट वाढवला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्याच रिंगांमधून जास्त वायू खाली येतो. त्यासाठी रिंगा झिजलेल्याच असायला हव्यात असं नाही.

हा वायू बाहेर काढायला पेट्रोल टर्बो इंजिनात साधारणपणे दोन वाटा असतात. गाडी आयडलवर किंवा हलक्या पायाने चालत असते तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात, ओढ असते. त्या ओढीने वायू तिकडे जातो आणि इंजिनात पुन्हा जळतो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब तयार होतो. मग एकदिश वॉल्व्हने ती वाट बंद व्हायची आणि वायूने टर्बोच्या आधीच्या, एअर फिल्टरकडून येणाऱ्या पाइपात जायचं, अशी व्यवस्था असते. गाडीच्या कंपनीने या नळ्यांचा आकार मूळ ताकदीच्या हिशोबाने ठरवलेला असतो. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तिथे पूर्ण लोडवर सलग पळवून इंजिनाचं वागणं तपासता येतं. रीमॅप करताना इतकी तपासणी कोणी करत नाही. ताकद तासाभरात वाढते, ब्रीदरची नळी मात्र तेवढीच राहते.

तेलाच्या डब्याची दोन भोकं

शेव-नमकीनच्या कारखान्यात पंधरा किलोचा तेलाचा डबा कसा उघडतात ते पाहिलं असेल. एकच भोक पाडून डबा कलंडला तर तेल डुचकळत, थांबत-थांबत येतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की नीट धार लागते. तेल तेच, डबाही तोच. फरक पडतो तो हवेला वाट मिळाल्यामुळे.

टर्बोमधून खाली पडणाऱ्या ऑइलचंही असंच आहे. ते ज्या चेंबरमध्ये पडायचं तिथे जादा दाबाचा वायू कोंडला असेल तर ऑइल नळीतच अडतं, टर्बोचा मधला भाग भरतो आणि जिथे फट मिळेल तिथून, म्हणजे पंख्यांच्या बाजूला, निघतं. तिकडून इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत, किंवा सायलेन्सरमध्ये.

यात लागणारा दाब किती छोटा आहे ते एकदा मोजून पाहू. टर्बो ते चेंबर ही उंची समजा २० सेंटीमीटर आहे. गरम ऑइल पाण्याच्या साधारण ०.८ पट जड, म्हणजे या ऑइलचा भार १६ सेंटीमीटर पाण्याइतका, जेमतेम १६ मिलिबार. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या इंदुरात बाहेरच्या हवेचाच दाब साधारण ९५० मिलिबार असतो. त्याच्या दोन टक्क्यांहून कमी जादा दाब इंजिनाच्या पोटात साठला, तरी टर्बोचा निचरा थांबू शकतो. टर्बोतून निघणारं ऑइल फेसाळलेलं असतं, म्हणून आणखी हलकं, म्हणजे प्रत्यक्षात याहूनही कमी दाब पुरतो. एवढ्याशा फरकावर हजारो रुपयांचा टर्बो आणि त्याहून महागडं इंजिन अवलंबून असतं, आणि गॅरेजमध्ये तो कोणी मोजत नाही.

धूर कधी येतो ते बघा

रंग आधी. निळसर धूर ऑइलचा, काळा जादा इंधनाचा. गरम इंजिनातूनही पांढरा, दाट धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गास्केटकडे बघायला हवं. पण रंगापेक्षा वेळ जास्त सांगते.

रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर एक लोट येऊन थांबत असेल तर वॉल्व्ह सीलवर संशय घ्या. रात्रीतून ऑइल वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपलेलं असतं. सिग्नलवर दोन-तीन मिनिटं आयडलवर उभी राहून निघताना धूर आला तर वॉल्व्ह सील किंवा टर्बोचा निचरा.

इंदूरकरांना एक चांगली परीक्षा घरच्या घरी मिळते. ओंकारेश्वरला जाताना सिमरोलनंतर भेरूघाट उतरावा लागतो आणि येताना चढावा लागतो. पेट्रोल गाडी गिअरमध्ये ठेवून, पाय उचलून उतरते तेव्हा सिलिंडर आणि मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ असते. ऑइल वॉल्व्हच्या गाइडमधून, म्हणजे त्याचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून, आणि ऑइल रिंगेवरून आत खेचलं जातं. घाट संपून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागून धूर दिसला तर हे दोन आरोपी. चढताना इंजिन बराच वेळ बूस्टवर असतं. तेव्हा सतत धूर येत असेल तर रिंगा किंवा ब्रीदर. आणि चढ संपून पाय उचलल्यानंतर लगेच लोट आला तर टर्बोकडे बघा, कारण पंख्यांकडचा दाब अचानक गेला आणि मध्ये साठलेल्या ऑइलला वाट मिळाली. यासाठी घाटात वेग घ्यायची काही गरज नाही. नेहमीच्या प्रवासात मागच्या गाडीतल्या मित्राला लक्ष ठेवायला सांगितलं तरी पुरे. डिझेलमध्ये उतारावरची ही ओढ जवळपास नसते, तिथे चढावरची निरीक्षणंच खरी.

इंटरकूलरच्या पाइपात बोट फिरवल्यावर ऑइलचा हलका थर लागणं स्वाभाविक आहे. ब्रीदरची वाफ तिथूनच जाते. पाइप उलटा केल्यावर ऑइल सांडलं तर मात्र काळजी करा.

तपासणीचा क्रम: स्वस्त आधी, महाग शेवटी

सुरुवात मोजण्यापासून. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, आकडा लिहा, हजार किलोमीटरनंतर पुन्हा बघा. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतची घट चालेल असं छापलेलं असतं. मला तो आकडा फार सढळ वाटतो, पण पाव लिटरसाठी इंजिन खोलणाऱ्यांनी तो माहीत करून घ्यावा.

ऑइल जास्त भरलंय का तेही याच वेळी बघा. ‘गाडी पितेच, थोडं वर टाकून ठेवू’ ही सवय घातक आहे. पातळी वाढली की क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, ऑइलमध्ये आपटून फेस करतो आणि टर्बोच्या परतीच्या नळीचं तोंड बुडू शकतं. एवढ्यानेही धूर सुरू होतो.

मग एअर फिल्टर. इंदूरच्या उन्हाळ्यात आणि बांधकामांच्या धुळीत तो लवकर चोंदतो. चोंदलेल्या फिल्टरमुळे टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ऑइल सीलवरून त्या बाजूला खेचलं जातं. मॉडिफाय करताना बसवलेला अरुंद किंवा दबणारा सिलिकॉन पाइपही हेच करतो.

त्यानंतर ब्रीदरच्या सगळ्या नळ्या काढून बघा. चिरलेली, पिचकलेली, आतून कार्बन धरलेली नळी हाताला कळते. एकदिश वॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासता येतो. एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. तो बिघडला तर बूस्टची हवा थेट इंजिनाच्या पोटात शिरते. डिपस्टिक आपोआप वर येणं, इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या गास्केटमधून नव्याने पाझर सुरू होणं, ही त्याची लक्षणं. असा वॉल्व्ह बदलायला फार खर्च येत नाही, आणि त्याच्याच पायी इंजिन बांधायला गेलेल्या गाड्याही असतात.

आता परतीची नळी. टर्बोखालून निघणारी ही नळी शक्य तितकी सरळ खाली जायला हवी. टर्बोच्या ऑइल-तोंडाचा कल उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंशांच्या आत, नळीचा आतला व्यास किमान १५-१६ मिलिमीटर, वाटेत खोलगट भाग नाही, आणि शेवटचं तोंड ऑइलच्या पातळीच्या वर. इंदूरजवळच्या राऊच्या एका तरुणाच्या पेट्रोल हॅचबॅकला मोठा टर्बो बसवला होता. जागा नव्हती म्हणून मूळ लोखंडी नळीऐवजी रबरी होज ड्राइव्ह शाफ्टला वळसा घालून, आधी खाली आणि मग किंचित वर, अशी चेंबरला जोडली होती. त्या खोलगट भागात ऑइल कायम उभं. दोन ठिकाणी त्याला रिंगा बदलायला सांगितलं होतं. नळी सरळ करून घेतली, इंटरकूलर धुतला, तर उरलेलं ऑइल जळेपर्यंत काही दिवस धूर आला आणि मग थांबला. गास्केटऐवजी चोपडलेल्या सिलिकॉनचा तुकडा नळीत अडकलेला सापडणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट आहे.

ऑइल आणणारी नळीही बघा. बॉल बेअरिंगच्या टर्बोला कमी ऑइल लागतं. त्याच्या तोंडाशी साधारण १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो. तो न बसवता पूर्ण दाब दिला तर सील चांगलं असूनही ऑइल वाहतं. उलट साध्या बेअरिंगच्या टर्बोला तोच रिस्ट्रिक्टर लावला तर तो उपाशी मरतो. टर्बोसोबत आलेल्या कागदावर जे लिहिलंय तेच करायचं.

दाब मोजायची नळी

आता माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची तपासणी. लेव्हल-पाइप म्हणून बांधकामावर वापरतात तसली पारदर्शक नळी घ्या, तिचा इंग्रजी यू आकार करून फळीवर बांधा, शेजारी पट्टी लावा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक डिपस्टिकच्या पाइपला हवाबंद जोडा, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक १० सेंटीमीटर म्हणजे साधारण १० मिलिबार. बहुतेक आधुनिक पेट्रोल इंजिनांत आयडलवर पाणी इंजिनाकडे ओढलं जातं, म्हणजे पोटात किंचित ओढ असते. आयडललाच ते उलट ढकललं जात असेल तर ब्रीदर बंद आहे किंवा बॅक कॉम्प्रेशन खरंच जास्त आहे.

खरा आकडा मिळतो तो बूस्टवर. तो डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, घ्यावा. सार्वजनिक रस्त्यावर एका हाताने गाडी चालवत नळीकडे बघणं जिवावर बेतेल. रस्त्यावरच मोजायचं असेल तर छोट्या दाबाचा सेन्सर लावून आकडे नोंदवता येतात. मगाशी काढलेला १६ सेंटीमीटरचा आकडा इथे उपयोगी पडतो. पूर्ण बूस्टवर फरक त्याच्या जवळ जाऊ लागला तर टर्बोचा निचरा धोक्यात आहे. आता ब्रीदरची नळी तात्पुरती काढून, वायू मोकळा सोडून पुन्हा मोजा. दाब लगेच पडला तर दोष वाटेत आहे, रिंगांत नाही.

झाकण उघडून वाफ बघणं या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. ते आयडलवर होतं, त्यात आकडा नसतो, आणि तक्रार बूस्टवरची असते.

यातूनही उत्तर नाही मिळालं तर कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट करा. लीक-डाउनमध्ये सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. पण या दोन्ही चाचण्या वरच्या रिंगांबद्दल सांगतात. ऑइल रिंग कार्बनमध्ये रुतून बसली असेल तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकतं. अशा वेळी स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघतात. कडेने कार्बन धुतला जाऊन धातू चमकत असेल तर ऑइल रिंगेवरूनच वर येतंय.

“घट्ट ऑइल टाकलं तर भागणार नाही का?”

५डब्ल्यू-३० ऐवजी त्याहून घट्ट ५डब्ल्यू-४० टाकल्याने खप कधी कधी थोडा कमी होतो, आणि बूस्ट वाढवलेल्या गाडीला जरा दणकट ऑइल योग्यही असतं. पण पाहायचे आकडे वेगळेच आहेत. एक, १५० अंशांवर मोजलेली घट्टता, तिला एचटीएचएस म्हणतात. युरोपच्या एसीईए ए३/बी४ दर्जाच्या ऑइलमध्ये ती किमान ३.५ असते, तर ०डब्ल्यू-२० मध्ये २.६ च्या आसपास. दुसरा, २५० अंशांवर तासाभरात किती टक्के ऑइल उडून जातं, म्हणजे नोॲक. ए३/बी४ मध्ये ते १३ टक्क्यांच्या आत असावं लागतं. गरम टर्बोत उडून जाणारं ऑइल ब्रीदरच्याच वाटेने जातं, म्हणून हा आकडा कमी असलेलं ऑइल घेणं फायद्याचं. २०डब्ल्यू-५० सारखं जड ऑइल मात्र थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोचतं आणि निचऱ्यालाही जड जातं. कोंडलेली हवा त्याने मोकळी होत नाही.

“कॅच कॅन लावला की झालं ना?”

कॅच कॅन म्हणजे ब्रीदरच्या वाटेत बसवलेला डबा. वाफेतलं ऑइल त्यात गळून राहतं. चांगला कॅन खरंच उपयोगी आहे, पण तो वाटेतला अडथळाही होऊ शकतो. बारीक जोड, आत कोंबलेली जाळी, लांबच लांब नळ्या यांनी पोटातला दाब वाढतो आणि ज्या रोगासाठी कॅन लावला तोच बळावतो. नळ्यांचा आतला व्यास मूळ ब्रीदरपेक्षा कमी कधीच नसावा. थंडीत कॅनमध्ये पाणी आणि ऑइल मिसळून दुधासारखा गाळ साठतो, तो वेळेवर काढावा लागतो. ब्रीदरवर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडायची पद्धतही दिसते. त्यात आयडलची ओढ जाते, बॉनेटखाली वास येतो आणि प्रदूषणाच्या नियमांत ते बसत नाही.

“थोडं ऑइल जळालं तर बिघडतं काय?”

टर्बो पेट्रोल इंजिनात बरंच बिघडतं. ऑइलचे थेंब हवा-इंधनाच्या मिश्रणात मिसळले की इंधनाचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची ताकद, कमी होते. वाढवलेल्या बूस्टवर मिश्रण भलत्या वेळी पेटतं, पिस्टनवर हातोडा बसावा तसा आवाज येतो आणि रिंगांमधला पिस्टनचा पातळ भाग तुटतो. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, जास्त लोडवर असं आपोआप पेटणं इतकं सतावू लागलं की त्यासाठी ऑइलचे वेगळे दर्जे आणावे लागले, २०१८ मध्ये अमेरिकेच्या एपीआयचा एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी. म्हणजे ब्रीदरच्या चोंदलेल्या नळीकडे दुर्लक्ष केलं तर शेवटी रिंगा खरोखर जातात, आणि मेकॅनिकचा पहिला अंदाज उशिराने खरा ठरतो. शिवाय ऑइलमधला फॉस्फरस धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो.

डिझेलवाल्यांनी तर हे गांभीर्याने घ्यावं. इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल एकदम इंजिनात गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं. किल्ली बंद करूनही ते थांबत नाही, फेरे वाढतच जातात. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, सगळ्यांत वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. तेवढ्याने थांबलं नाही तर गाडीपासून लांब व्हायचं. हवेच्या पाइपावर हाताने काही दाबू नये.

कायदा आणि इन्शुरन्स

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. मोठा टर्बो, बदललेलं इंजिन हे त्यात अडकतं. वॉरंटी जाते, विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. गाडी मूळ रूपात परत आणायची असेल तर प्रोग्रॅमबरोबर नळ्या, वॉल्व्ह आणि ब्रीदरही मूळचे बसवून घ्या. नुसता बूस्ट कमी केला तर धूर कमी होतो, पण चुकीची परतीची नळी चुकीचीच राहते.

मग इंजिन खोलायचं कधी?

ब्रीदर मोकळा केल्यावरही बूस्टवरचा दाब उतरत नाही, लीक-डाउनमध्ये झाकणातून हवा येते, किंवा कॅमेऱ्यात पिस्टनची कड धुतलेली दिसते, तेव्हा. मग मागेपुढे बघू नका, कारण उशीर झाला तर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात.

पण बांधणाऱ्याकडून काही आकडे लेखी घ्या. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेला, पिस्टन बसवत असाल तर तो कुठल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा आहे ते. २६१८ मिश्रधातू जास्त फुगतो म्हणून त्याला भिंतीपासून जास्त फट ठेवावी लागते, थंड असताना तो टकटक करतो आणि थोडं ऑइलही जास्त जातं. ४०३२ मध्ये सिलिकॉन जास्त असल्याने फट कमी पुरते आणि रोजच्या वापराला तो बरा. रिंगेच्या दोन टोकांतली फट किती ठेवली, हेही विचारा. ८० मिलिमीटर बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाला, टर्बोसाठी ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास येते, पण शेवटचा शब्द पिस्टन बनवणाऱ्याच्या तक्त्याचा. फट कमी ठेवली तर गरम होऊन रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टन फुटतो. फार जास्त ठेवली तर बॅक कॉम्प्रेशन पहिल्या दिवसापासून. बोअरचं होनिंग, म्हणजे भिंत दगडाने घासून तिच्यावर बारीक ओरखडे पाडणं, कुठल्या दाण्याच्या दगडाने केलं तेही त्याच कागदावर असू द्या, कारण नव्या रिंगा भिंतीवर बसतात त्या त्याच ओरखड्यांच्या जाळीवर.

इंजिन परत गाडीत बसलं की पाण्याची नळी पुन्हा लावून दाब मोजा. रिंगा बसेपर्यंत आकडा थोडा जास्त येईल. हजारेक किलोमीटरनंतर तो खाली उतरलेला दिसेपर्यंत बूस्ट वाढवू नका.